पिवळ्या झेंड्याखालचे चार दिवस

सोमवार, ३ मार्च. सकाळी १०.४०

१. सकाळी सव्वासहाला आमची बोट बंदरात शिरली. बोटीवर दोघं: मी, म्हणजे कप्तान, आणि बाबा.
२. परदेशातून आल्याची खूण म्हणून पिवळा झेंडा चढवला. कस्टम्सची मंजुरी मिळेपर्यंत तो उतरवता येत नाही.
३. मंजुरीआधी फक्त कप्तानाने ऑफिसात जायचं असतं. बाकीच्यांनी किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. बाकीचे म्हणजे बाबा.
४. बाबांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटत चालला आहे. इथे ऑपरेशनची तारीख मिळाली आहे: शुक्रवार, सकाळी आठ. ती चुकली तर डोळ्याची खात्री देत नाही, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं आहे.
५. नऊ वाजून पाच मिनिटांनी सामानाची यादी दिली. चौदा पानं.

आई म्हणत होती, बाबांना विमानाने पाठव. मी हिशेब केला होता: बोटीने सहा दिवस, मंजुरीला दोन तास. सहा दिवस बरोबर आले. दोन तासही येतील.

सोमवार, दुपारी ४.३०

आले नाहीत. कारण समजण्यासारखं आहे. कस्टम्सच्या साहेबांनी यादी चाळली आणि विचारलं, मॅडम, हे बोटीचं सामान आहे की हार्डवेअरच्या दुकानाचं? मी आभार मानले. ते म्हणाले, लोक ‘किरकोळ सामान’ असं लिहून मोकळे होतात. किरकोळ हे मोजमाप नाही, हे मी त्यांना समजावलं. मग ते म्हणाले की लिहून दिलंय म्हटल्यावर मोजावं लागणार. मी स्वागत केलं.

ऑपरेशनचा विषय काढला नाही. काम नियमाने चाललेलं असताना दुखणं पुढे करणं बरं दिसत नाही.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. गयावया करायची नाही.

मंगळवार, ४ मार्च. दुपारी ३.१५

साहेब आणि त्यांच्या ऑफिसातल्या एक बाई सकाळपासून बोटीवर मोजत होते. बाराव्या पानापर्यंत एकही फरक नाही. तेराव्या पानावर: चार मिलिमीटरचे स्क्रू, यादीत २१२, डब्यात २०९.

साहेबांनी विचारलं, तीन कुठे गेले? बाबा आतून ओरडले, तिच्या डोक्यात बघा, तिथलेच ढिले झालेत. बाई हसल्या. साहेबही हसले. मी हसले नाही.

तीन स्क्रू रविवारी झाकणाच्या बिजागरीला लावले. यादी शनिवारची आहे. म्हणजे शनिवारी ती बरोबर होती. साहेब म्हणाले, २१२ खोडा, २०९ लिहा, सही करा, उद्या सकाळी मोकळ्या. मी नकार दिला. बरोबर आकडा खोडून सही करणं म्हणजे मी चुकले असं कबूल करणं.

बाबा म्हणाले, अगं, कबूल कर की. मी तुझ्या आईसमोर तीस वर्षं करतोय, काही बिघडलेलं नाही.

मी लेखी हरकत घेणार आहे. उद्या दुपारपर्यंत प्रश्न मिटेल.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ११.५०

हरकत दिली. अकरा पानं, बिजागरीच्या आकृतीसह. साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की द्यायची आहे? परत घेता येईल, म्हणाले. दबकले असावेत. एकदा लेखी हरकत आली की फाइल मुख्य कार्यालयात जाते, मग त्यांच्या हातात काही उरत नाही, असंही म्हणाले. मी म्हटलं, उत्तम. तिथे वाचणारे लोक असतील.

बुधवार, दुपारी ४.००

मुख्य कार्यालयाकडून काही नाही. अकरा पानं आहेत, वेळ लागणारच.

आई धक्क्यावर येऊन उभी होती. मध्ये पंधरा मीटर पाणी. तिने हाक मारून विचारलं, डोळ्याचं सांगितलंस का गं त्यांना? मी म्हटलं, योग्य वेळी सांगेन. ती म्हणाली, योग्य वेळ काय पंचांगात बघायची आहे का? मी आत निघून आले. मान्यता म्हणून नव्हे, अंतर जास्त होतं म्हणून.

बाबांनी चहा ओतला. कपाच्या शेजारी. मी पुसला. बोट हलली असावी.

बोट चार दोरांनी पाण्यातल्या पिंपांना बांधलेली आहे. पाणी स्थिर आहे.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी ११.२०

बाबा म्हणाले, उजवीकडून काळा पडदा खाली येतोय, नाटक संपल्यासारखा. मग म्हणाले, घाबरू नकोस, मी नाही घाबरलेलो. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

ऑफिसात गेले. तीन वाक्यं पाठ केली होती. दीड बोलता आलं.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अहो ताई, हे सोमवारी नाही का सांगायचं? आजारी माणसाला उतरवायचा अर्ज अर्ध्या पानाचा असतो. मी दहा मिनिटांत सोडलं असतं त्यांना, चहा पाजून. आता फाइल वर गेली. सही मुख्य कार्यालयाची लागणार.

मी विचारलं, हरकत मागे घेतली तर? ते म्हणाले, त्यालाही आता त्यांचीच सही लागणार.

त्यांनी माझ्यासमोर तिकडे तीनदा फोन लावला. कोणी उचलला नाही. शेवटी म्हणाले, अर्ज लिहा, माझ्या शेऱ्यासकट माणसाबरोबर पाठवतो. आणि ताई, हात जोडतो, थोडक्यात लिहा.

गुरुवार, दुपारी १.१०

पहिला मसुदा चार पानं झाला. बाबा म्हणाले, वाचून दाखव. ऐकलं आणि विचारलं, इंजिनिअरबाई, यात मी कुठे आहे? मी सांगितलं, तिसऱ्या पानावर. ते म्हणाले, तिथवर यायला माझ्याच्याने होणार नाही गं.

फाडला. दुसरा पाठवला. नक्कल:

‘माझे वडील बोटीवर आहेत. त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन उद्या, शुक्रवारी सकाळी आठ वाजता आहे. त्यांना किनाऱ्यावर उतरू द्यावं. त्यांची पत्नी धक्क्यावर थांबली आहे, ती त्यांना घेऊन जाईल. बोट आणि मी इथेच राहतो, हवं तितके दिवस. स्क्रू २०९ आहेत. चूक माझी आहे. कृपया आज, गुरुवार ६ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यावं, ही विनंती.’