पिल्लंवाली सोडायची

७ जून, रवि.
गोमाई नदीच्या वरच्या डोहावर. पाणी गुडघाभर, गढूळ. दोरीला कोंबडीचं आतडं, शेजारी बादली. तासाभरात अकरा खेकडे. पकडायला अक्कल लागत नाही, धीर लागतो. खेकडा हावरट, आतडं सोडवत नाही, तसाच अलगद वर येतो.

आठवा खेकडा मादी. तिच्या पाठीवर रफिकचा रंग.

एक लाल ठिपका, खाली बारीक शेपटी. वीस वर्षं आम्ही दोघं रविवारी इथे यायचो. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला शिपाई, आता निवृत्त. तो पेंटर, दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवणारा. नियम माझा : पोटाची झडप उघडून बघायची, आत पिल्लं असली की मादी सोडायची. रंग त्याचा : पुन्हा तीच हाती लागली तर ओळखू यावी. फडक्याने पाठ पुसायचा, एका फटक्यात ठिपका आणि शेपटी, मग सुकेपर्यंत फुंकर मारत बसायचा. लग्नाची पत्रिका लिहितोय असा थाट.

रफिक गेल्या श्रावणात याच डोहावर गेला, तो परत आला नाही. खाली प्रकाशा गावापर्यंत नदी शोधली. चप्पलसुद्धा मिळाली नाही.

म्हणजे रंग गेल्या सालचा. मादीने कवच टाकलं नसेल. सोडून दिली.

१४ जून, रवि.
आणखी दोन. एकीच्या पोटाखाली पिल्लं, मसुरीएवढी. दुसरी अगदी लहान, दोन बोटांएवढी. गेल्या वर्षी ही नखाएवढी असणार. हिला रफिकने कधी रंगवलं? आणि कवच टाकलं की रंग कवचाबरोबर जातो. वर्षभरात हिने तीन-चार वेळा तरी टाकलं असेल.

पिल्लंवाली सोडली. लहानगी घरी आणली. प्लास्टिकच्या टबात ओले दगड, वर पाटा.

बाजारातून लाल ऑइल पेंटची छोटी डबी आणली, रिकाम्या कवचावर तसाच ठिपका काढून पाहिला. जमत नाही. माझी शेपटी थरथरते. त्याची चाबकासारखी सुटते.

१७ जून
भाभीकडे. रफिकची बायको, पण मला भाऊ मानते, दर राखीला बोलावते. मुलगा सलीम सुरतहून आलाय, तिला घेऊन जायला. भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं.

सलीम बाहेर येऊन म्हणाला, "काका, अम्मीले तुम्हीच समजाडा."

समजवायला गेलो. तिने एकच विचारलं, "ते उनात आनि दारले कुलूप दिखनं, मंग?"

रफिक परत येईल, दाराला कुलूप बघून माघारी जाईल, हे तिने धरून ठेवलंय. कोनाड्यात रफिकचा रंगाचा डबा. झाकणाच्या कडेला लाल ओला. वर्षभर बंद डबा, आणि ओला?

म्हणजे भाभीच जाते डोहावर. बिचारी. नवऱ्याची खूण जिवंत ठेवते. एका अर्थी बरं वाटलं. कोडं सुटलं.

२१ जून, रवि.
गेलो नाही. लहानगी दोन दिवस खात नाही, अंगाचा रंग मळकट पडलाय. लक्षण ओळखीचं : कवच टाकणार.

आज इथे लिहून टाकतो, दुसरीकडे कुठे बोलता येत नाही. रफिक गेला त्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर डोहावर होतो. घरी आल्यावर त्याच्या बादलीत एक पिल्लंवाली निघाली, नजरचुकीने आलेली. तो म्हणाला, जाऊ दे यार, घराजवळच्या नाल्यात सोडतो. मी ऐकलं नाही. म्हटलं, जिथली तिथेच सोडायची, नियम म्हणजे नियम. वर म्हटलं, तुला नियम पाळायचा नसेल तर पुढच्या रविवारपासून येऊ नकोस. पाऊस पडत होता. तो हसला. फडक्यात मादी, कानावर ब्रश, खिशात डबी. एकटा गेला. मी चहा पीत बसलो.

पोहता त्याला येत नव्हतं. मलाही नाही. आमच्या खेकड्यांनाही नाही. रफिक म्हणायचा, समुद्रातल्या खेकड्यांचे मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे, ते मजेत पोहतात. आपण तिघं मात्र बुडायच्या जातीचे.

भाभीला हे ठाऊक नाही. तिला वाटतं, तो आपल्या हौसेने गेला.

२५ जून
लहानगीने पहाटे कवच टाकलं. पाठीमागून फट पडली आणि अख्खी मागे सरकत बाहेर आली, डोळ्यांचे दांडेसुद्धा नव्याने. जुनं कवच शेजारी, हुबेहूब दुसरा खेकडा बसल्यासारखं. त्यावर लाल ठिपका. नवीचं अंग भिजल्या पावासारखं मऊ, पाठ कोरी.

हुश्श. शास्त्र खरं. रंग कवचाबरोबरच जातो.

२६ जून
सकाळी सात. पाटा जागच्या जागी. दाराला आतून कडी.

नव्या पाठीवर ठिपका. शेपटी चाबकासारखी.

पाठ इतकी मऊ की ब्रश टेकला तरी वळ उठावा. वळ नाही. बोट लावलं तर बोटाला लाल लागलं.

माझी डबी फडताळात, झाकण घट्ट. उघडून पाहिली, वर साय धरलेली, मोडलेली नाही. मग स्वतःचे हात पाहिले. नखं पाहिली. काही नाही. आहे ते एकाच बोटाला, आत्ता लागलेलं. की आत्ताच लागलं? मला माझीच खात्री वाटेना. भीती वाटते, सरळ लिहितो.

२८ जून, रवि.
लहानगी ओल्या फडक्यात घेऊन भाभीकडे. सामान बांधलेलं, भाभी खाटेवर, उठायला तयार नाही. सलीम रिक्षा आणायला गेलेला.

फडकं उघडलं. तिने वाकून पाहिलं. म्हणाली, "भाऊ, रंग तुम्हीच लावतस ना? माले बरं वाटाले पाह्यजे म्हनीसन?"

मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही. डब्याचं झाकण ओलं होतं.

"झाकन मी उघडस. वास ल्याले."

मग सगळं सांगितलं. बादली, पाऊस, नियम म्हणजे नियम, माझा चहा. सांगताना रडलो, या वयात. ती रडली नाही. ओढणी नीट केली, फडकं पुन्हा खेकड्यावर पांघरलं, नवजात बाळावर पांघरावं तसं.

रिक्षा आली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिने घराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"मी जास आते. वाटे, ते मन्हाकडे येतीन. पन ते तं तुम्हनाकडे येतस."

रागाने म्हणाली की मायेने, अजून कळत नाही.

डोहावर जाऊन लहानगी सोडली. पाण्याखालून चालत गेली. बराच वेळ लाल दिसत राहिलं.

घरी आलो. टब रिकामाच ठेवून गेलो होतो, वर पाटा तसाच. आत काहीतरी दगडावर नखं घासतंय. किल्ली अजून मुठीत आहे. पाटा उचललेला नाही.