रामरावाचं मेडल

२४ जुलै, गुरुवार
ए, ठेव खाली वही. दुसऱ्याची डायरी वाचाले लाज नाई वाटत? अन् वाचलीच, तं मधातून पान उघडून निकाल देऊ नको. मी बेवडा नाई. बेवडा नालीत पडते. मी सोफ्यावर पडतो.

प्रेरणा पोरीले, सोनूले घेऊन मारेगावले गेली. माहेरी. म्हणे, दारू सोडणाऱ्याइच्या ग्रुपमधी महिनाभर जा, मेडल घ्या, मंग आमी वापस येतो. नाईतं सोनूचं नाव मारेगावच्याच शाळेत टाकतो. म्हनलं, मेडल काय, खो-खोचे दोन हायेत माह्याजवळ. हासली नाई.

आजपासून बंद. कायमची. इलायचीचा डबा फेकून देला. आता वास कोणापासून लपवाचा?

२५ जुलै
यवतमाळात ग्रुप हाये. पण ओळखीचे निंघतीन. त्याइलेच लाज वाटंन. म्हणून कळंब. तेवीस किलोमीटर.

पत्ता साजिद मेकॅनिकनं देला. तो थेंबही पीत नाई, म्हणून त्याले सारं माहीत. म्हणे, जा भाई, तिथं सारं गुप्त असते. गुप्त म्हणजे खोटं नाव सांगा लागत असंन. विचारलं नाई. समजते मले.

२७ जुलै, रविवार
गेलतो. शाळेचा वर्ग, पहिलीचे बाक, गुडघे हनुवटीले. अकरा जण. एकेक उभा राह्यते, नाव सांगते, मी दारुडा हाये म्हणते. सारे एका सुरात म्हणते, नमस्कार अमुक भाऊ.

माही पाळी आली. गोपाल तं सांगाचं नवतं, अन् दुसरं नाव ठरवाचंच राह्यलतं. तोंडातून निंघालं, रामराव.

माह्या सासऱ्याचं नाव. मामाजीनं जन्मात सुपारी खाल्ली नाई.

सारे म्हणे, नमस्कार रामराव भाऊ. म्हनलं, मी दारुडा नाई, निरीक्षणाले आलो. ग्रुप चालवणारे बापूजी, रिटायर कंडक्टर, तेरा वर्षांपासून बंद. म्हणे, बसा, मी बी निरीक्षणालेच आलतो.

शेजारच्या मैनाबाईले सांगतलं, कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाले गेलतो.

३ ऑगस्ट, रविवार
मैनाबाई म्हणे, दर रविवारी दर्शन, मंग प्रसाद कुठी हाये? पेढे आणा लागले.

आज बोललो. रामराव पिऊन पोरीच्या गॅदरिंगले गेलता. खुर्चीसकट पडला. पोरगी स्टेजवर नाच विसरली, बापाकडं पाहात उभी राह्यली. सारं खरं हाये. फक्त रामरावाचं. एकाच्या डोळ्यात पाणी आलं.

घरी आलो तं एकदम हलकं वाटलं. रामराव सुधरून राह्यला.

१० ऑगस्ट, रविवार
सतरा दिवस. हात थरथरत नाई. चहा सांडला कारण कप बारीक होता.

प्रेरणाचा फोन. म्हणे, मेडलच्या दिवशी घरच्याइले येता येते, आमी कळंबले येतो. म्हनलं, या ना! फोन ठेवल्यावर आठवलं. मेडल रामरावाले भेटन.

पुढच्या रविवारी बापूजीले खरं नाव सांगून टाकतो.

१७ ऑगस्ट, रविवार
सांगणारच होतो. पण एका म्हाताऱ्यानं रामराव भाऊसाठी वावरातल्या काकड्या आणल्या. आता त्याले कसं म्हणू, रामराव नाई म्हणून?

पुढच्या रविवारी पाच मिनिटं आधी जाईन. पाच मिनिटं लई झाले.

२२ ऑगस्ट, पोळा
गावी आलो, चुलतभाऊ अमरकडं. बैलं सजले, रितीपरमानं तोरण तुटलं. घेतली नाई. लिहून ठेव, पोळ्यालेही नाई!

२३ ऑगस्ट, कर
पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. घरोघरी मटण, अन् त्याच्यासंगं ते. अमर म्हणे, कराले नाई म्हणतं, मोठा साहेब झाला का बे? ग्लास भरूनच देला. भरलेला ग्लास ठेवला तं त्याचा अपमान.

रामरावानं घेतली नाई. गोपालनं घेतली. मेडल रामरावाचं हाये. म्हणजे कायीच बिघडलं नाई.

२४ ऑगस्ट, रविवार
झोप उघडली नाई. अमरच्या घरून इलायची घेतली. पोचलो तं बापूजी सुरू झालते. मांगच्या बाकावर टेकलो.

पहिल्या बाकावर प्रेरणा, सोनू. अन् मामाजी. धोतर, पांढरी टोपी. ते येतीन हे कोणी सांगतलंच नवतं.

बापूजी चष्मा पुसत म्हणे, रामराव भाऊ, एक महिना, समोर या.

मामाजी उठले. गावात कुठीही कार्यक्रम असला की मोठ्या माणसाच्या हातानं सत्कार. त्याइले वाटलं, मेडल आपल्या हातानं द्याचं हाये. टोपी नीट करून समोर गेले. टाळ्या.

बापूजीनं चष्मा घातला. म्हणे, काका, तुमी कोण? मामाजी म्हणे, मीच रामराव. बापूजी म्हणे, मंग पोरीच्या गॅदरिंगले खुर्चीवरून पडला तो कोण?

सोनू म्हणे, ते तं माहे बाबा.

प्रेरणानं वळून पाह्यलं. माह्या तोंडात तीन इलायच्या. मी इलायची कधी खातो, तिच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत?

उभा राह्यलो. गुडघा बाकात अटकला. म्हनलं, माहं नाव गोपाल. मी दारुडा हाये. काल घेतली.

सारे नमस्कार म्हणाच्या आधी बाहेर निंघालो. गाडीची चाबी बाकावरच राह्यली.

शाळेच्या फाटकाजवळ बसून लिहून राह्यलो. प्रेरणा वर्गातून बाहेर आली. इकडंच येऊन राह्यली. हातात कायीतरी चमकते, चाबी का मेडल. चाबी असंन.

चाबीच असंन.

प्रेरणा पोचाच्या आधी पायी निंघतो.