पाठीवरचा निळा पट्टा

प्रिय दादा,

फोनवर कुत्र्यांचा विषय काढला की तू फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र. फाडण्याआधी निदान पूर्ण वाच.

गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याला आईने किती लाडावून ठेवलं होतं, ते तू पाहिलंसच. साय चोरली म्हणून आपल्याला धपाटे घालणारी बाई त्याला सायीसकट दूध पाजायची! मी लस टोचणाऱ्या पथकात, आणि माझ्याच आईला वाटायचं की आम्ही कुत्री नेतो ती परत आणत नाही. टोचलेल्या कुत्र्याच्या पाठीवर आम्ही निळा पट्टा ओढतो, म्हणजे त्याला पुन्हा कुणी धरत नाही. तिने माझ्या पिशवीतला रंग काढून लंगड्याला स्वतःच पट्टा ओढला. पथक पट्टा बघून पुढे गेलं. पुढे तो पिसाळला, तिला चावला आणि कुठेतरी निघून गेला. तेही तिने लपवलं. का, तर आम्ही त्याला शोधून नेऊ. घोटभर पाणी गिळवेना, तेव्हा दवाखान्यात तिने हे सांगितलं. त्यानंतर काहीच करता येत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिला पोचवून आल्यावर दारात उभा राहून तू म्हणालास, एकही कुत्रं जिवंत ठेवू नका. तुझं दुःख कळतं रे, माझीही ती आईच होती. पण गल्लीने तुझा शब्द खाली पडू दिला नाही. तू गेल्यावर गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना विष घातलं. शेजारच्या काकू रडत म्हणाल्या, तुझ्या आईसाठी केलं गं. मेली ती सगळी मी माझ्या हाताने टोचलेली होती. ती होती तोवर बाहेरचं कुत्रं गल्लीत पाऊल ठेवत नव्हतं. आता कचराकुंडीपाशी नवी टोळी आलीय, एकाच्याही पाठीवर पट्टा नाही. मी टोचायला गेले, तर गल्लीवाले पुन्हा रंग घेऊन दिसलीस तर तंगडं मोडू म्हणाले. साहेबांनीही इथलं काम बंद केलं. मी हात टेकले.

काल तुझ्या भाचीने त्यातल्या एकाला डब्यातला घास हाताने भरवला. मला सांगितलं नाही, काकूंकडून कळलं. तिचं सगळं अंग तपासलं, ओरखडा नाही. पण आजीवर गेलीय, ऐकायची नाही. नोकरी सोडून मी तिच्यामागे किती फिरू? तिला तुझ्याकडे ठेवून घे. लेकराला आईपासून का तोडतेस, असं विचारू नकोस. रविवारी गाडीत बसवून देते, उतरवून घ्यायला ये.

तुझीच,
ठकी