शेवटच्या कडव्यातलं नाव

गुरुजी,

माझं सगळं फिरलं ते उमरठच्या वाटेवरच्या एका शाळेच्या खिडकीतून मला तुमचा पाय दिसला तेव्हा. तुमचा म्हणजे तुम्ही शिकवलेला. आत पोरांनी जाखडीच्या नाचाला धरतात तसा गोल धरला होता, एका पायात चाळ, आणि तोंडाने इंग्रजी. आय गो म्हटलं की पाय गोलाच्या आत. आय वेंट म्हटलं की तोच पाय मागं. आय विल गो म्हटलं की पाय नुसता उचलायचा आणि ओळ संपेपर्यंत टेकवायचा नाही. इथवर मी स्वतःला समजावत होतो, असेल, सुचलं असेल कुणाला तरी. पण मग शी गोज आलं आणि सगळ्यांनी एक जादा ठोका मारला. ही, शी, इट आलं की क्रियापदाला शेपूट लागतं आणि त्या शेपटाचा एक ठोका, हे महाड-पोलादपुरात तुमच्याशिवाय कुणी शिकवलेलं नाही. गोलाच्या मधे ती उभी होती, टाळ्या देत. आणि ढोलकीवाल्याच्या जागी मुंबईचा एक पोरगा मांडी घालून कीबोर्ड वाजवत होता. मी आडोशाला सरकलो. दिवसाउजेडी, उसनी मोटरसायकल रस्त्यात लावून, मी एका मराठी शाळेच्या खिडकीत हेरगिरी करत होतो.

ती कोण, ते तुम्हाला सांगितलं पाहिजे. तिच्या वडलांचं महाडला मेडिकलचं दुकान आहे. मी तिथं खोकल्याचं औषध घ्यायला गेलो तरी ते माझ्याकडं असं बघतात की मी मुदत संपलेल्या गोळ्या परत करायला आलोय. आम्ही एका कॉलेजात होतो. तिनं पूर्ण केलं. माझी दुसऱ्या वर्षाला हजेरीवरून एका प्राध्यापकांशी बोलाचाली झाली, मी दप्तर उचलून बाहेर आलो आणि परत आत गेलोच नाही. आता बिरवाडीत एकाबरोबर खोली घेऊन राहतो, कंपनीत पॅकिंगला जातो, शिफ्ट असेल तशी. ती ह्या शाळेवर तात्पुरती लागली. लागल्यावर एका संध्याकाळी आम्ही चवदार तळ्याच्या कठड्याशी भेटलो, तर ती रडकुंडीला आलेली. म्हणाली, "इंग्रजीचा तास आला की पोरं भिंतीकडं बघतात रे. मी बोलते आणि ती भिंत बघतात." मी म्हटलं, आमचे एक गुरुजी होते. आणि सांगत सुटलो. सांगून भागेना म्हणून चप्पल काढून तिथंच नाचून दाखवलं. येणारेजाणारे थांबले. ती हसत होती आणि म्हणत होती, "परत. शी गोज परत." मी परत मारला ठोका. तिनं सांगितलं असतं तर तळ्याला फेऱ्या घालत मारला असता.

त्यानंतर तिचे फोन कमी झाले. दुपारी तर लागायचाच नाही. विचारलं तर, "प्रॅक्टिस चालू आहे." कसली, तर, "सांगेन." तिच्या स्टेटसला एकदा कीबोर्डचा कोपरा दिसला. आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून काय. पण तुम्हाला आमची वाडी माहीत आहे. जाखडीत आम्ही शक्तीवाले आणि ओढ्यापलीकडची वाडी तुरेवाली. गणपतीत त्यांच्यासमोर बारी व्हायची, आपण गाण्यातून सवाल टाकायचा, त्यांनी गाण्यातून फोडायचा. म्हणून आमची तालीम रानातल्या गुरांच्या वाड्यात चालायची, पलीकडच्यांच्या कानावर काही जाऊ नये म्हणून. त्या दिवसांत पलीकडचा माणूस साधा विडी पेटवायला काडी मागायला आला तरी माझा बाप गाणं थांबवायचा आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचा. मी त्यात वाढलो. कुणी माझ्याशी गोड बोललं की मी आधी बघतो, ह्याला कुठली चाल पाहिजे.

तुमच्यावरही आम्ही संशय घेतलाच होता. तुम्ही घाटावरचे. शाळा दोन्ही वाड्यांना मिळून एकच, आणि तुम्ही पहिल्याच पावसात दोन्हीकडची पोरं एका गोलात उभी केलीत. खरे चाळ शाळेला द्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा तुम्ही सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचं गोळा केलीत, खिळ्यानं भोकं पाडलीत आणि सुतळीत ओवलीत. मला अजून तो आवाज येतो. घुंगराचा नव्हे, पत्र्याचा, खुळखुळ. आम्ही शक्तीवाले इंग्रजीत विचारायचो, व्हेअर इज द सिकल, आणि तुरेवाली पोरं विळा धरल्यासारखी वाकून उत्तर द्यायची, इन द ग्रास, इन द ग्रास. स्टूप म्हणजे वाकणं हे मला पाठ करायला लागलं नाही. कमरेला कळलं.

मग एक दिवस माझा बाप शाळेच्या पायरीशी उभा. शेतावरनं तसाच आलेला, पाय चिखलाचे.

"गुरुजी, ती चाल आमची हाय. ती साळंत नका लावू. पलीकडची पोरं ऐकतात."

तुम्ही म्हणालात, "चाल तुमची. पण डू, डज, डिड कुणाचं? तेही तुमच्याच वाडीचं असेल तर सांगा, मी फक्त तुमच्याच पोरांना शिकवतो."

बाप म्हणाला, "तां नाय माहीत. तां तुम्ही बघा. चाल आमची हाय."

आणि तुम्ही त्याला आत बोलावलंत, खुर्ची दिलीत, तो तिच्यावर बसेना, खालीच टेकला, तेव्हा तुम्हीच त्याच्याशेजारी जमिनीवर बसलात आणि विचारलंत की ह्या चालीत ठेका कुठं तोडतात, मला नीट जमत नाही. बाप विरघळला. त्यानं बाकावर बोटांनी वाजवून दाखवलं. तेव्हा मला अभिमान वाटला होता. परवापासून मी तेच आठवतोय आणि मला दुसरंच दिसतंय. तुम्हाला ठेका खरंच जमत नव्हता, की तुम्ही तो काढून घेतलात? कारण मी तळ्याकाठी तिला तसाच दाखवला. तिनंही तसंच विचारलं होतं, भोळं तोंड करून. मेलेल्या माणसाबद्दल असं मनात आणू नये. आलं, म्हणून लिहिलं. तुमची बदली झाली, पुढं तुम्ही गेल्याचं पोलादपूरच्या स्टँडवर एका मास्तरांनी सांगितलं. मी आठवीत होतो. मला तेही खोटं वाटलं होतं. पोरांनी तुमच्या मागं मागं फिरू नये म्हणून कुणीतरी उठवलंय असं धरून मी कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नाही.

तर खिडकी. मी किती वेळ तग धरणार? कीबोर्डवाल्यानं तिच्याकडं बघून मान हलवली, तिनं हसून हलवली, आणि मी दारात.

"ए, थांबव ते."

कीबोर्ड थांबला. तो पोरगा हसून म्हणाला, "हाय ब्रो. पॅरेंट आहात का?"

पोरं फिदीफिदी हसली. एक पोरगी म्हणाली, "कुणाचा बाबा गो हा?" दुसरी म्हणाली, "कुणाचा नाय."

ती म्हणाली, "चप्पल काढून ये आत. पोरं बसतात तिथं."

मी चप्पल काढली. रागात असताना चप्पल काढायला लागली की निम्मा राग तिथंच राहतो, पण उरलेला पुरेसा होता. आणि राग आला की माझी भाषा वाडीवर जाते.

"हा जादा ठोका कुणाचा हाय?"

"तूच दाखवलास की."

"तुला दाखवला. ह्याला नाय दाखवला."

"हा आठवड्यातून दोनदा येतो, गाणं बसवतो. ढोलकी वाजवणारा मिळाला नाही म्हणून. एकाला मी विचारणार होते, पण तो फोनवर नुसता जाब विचारतो. कुठं होतीस, कुणाबरोबर होतीस."

पोरांचे सगळ्यांचे कान आता इकडं.

मी म्हटलं, "आमच्यात शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव घेतात. गावासकट. नाव न घेता दुसऱ्याचं गायलं तर त्याला चोरी म्हणतात. तुझ्या गाण्यात नाव कुठं हाय?"

"हेही तूच सांगितलंस," ती म्हणाली. मग पोरांकडं वळली. "चला रे, शेवटचं कडवं. ह्यांना ऐकू दे."

आणि पोरांनी म्हटलं. हू टॉट अस, हू टॉट अस, पाय मागं. मग माझं नाव. बापाच्या नावासकट, गावासकट, पुढं सर लावून. ही टीचेस, आणि तो जादा ठोका.

मी काय केलं असेल? बाहेर आलो. चप्पल घालताना डावी-उजवी चुकली, तशीच घातली. ती गाडीपर्यंत मागं आली आणि म्हणाली, "शनिवारी महाडला कार्यक्रम आहे. ढोलकी घेऊन ये. मी आता परत सांगणार नाही."

गुरुजी, कुणीही म्हणेल की इथं संशय संपायला पाहिजे. वाटेत बिरवाडीपर्यंत मीही हवेतच होतो. खोलीवर येऊन पार्टनरला सांगितलं. तो आमच्याच बाजूचा, नाचणाऱ्या घरातला. तो भाकरी थापत होता. ऐकून हात थांबवून म्हणाला, "बाबौ, लय मोठा मान दिला रे तुला. आता बारीच्या आधी पाया पडल ती तुझ्या."

तिथं मी हवेतून खाली आलो. कारण आमच्या मंडळात गुरू म्हणजे बापाच्या जागी. माझ्या बापाच्या गुरूची मुलगी बापाला भाऊ म्हणते, भाऊबीजेला येते. गुरूच्या नात्यात सोयरीक कुणी करत नाही, बोलतसुद्धा नाही. एकदा कडव्यात नाव घातलं की माणूस वडीलधारा झाला, विषय संपला. म्हणजे तिनं सगळ्या वर्गासमोर, मला मान देऊन, अगदी गोडीत, बाजूला काढलं की काय? मुंबईवाल्याला नाव नाही, त्याला मान नाही, म्हणजे त्याचा रस्ता मोकळा. माझा बंद.

की तिला हे माहीतच नाही? ती बाजारपेठेतली. तिच्या घरात गणपतीला आरती होते, बारी होत नाही. मी तळ्याकाठी तिला सगळं सांगितलं, बुचं, विळा, शक्ती, तुरा, शेवटचं कडवं. गुरूच्या नात्याचं सांगितलं का? आठवून आठवून डोकं दुखायला लागलं. त्या संध्याकाळी मी एवढा बोललो की काय काय बोललो ते माझं मलाच सांगता येत नाही. सांगितलं असेल, तर तिचा तो नकार आहे. नसेल सांगितलं, तर तिला माझं नाव पोरांच्या तोंडून ऐकायला आवडतं एवढंच त्यातून निघतं. हे दोन्ही एकाच कडव्यात बसतं, आणि कामावर माझ्या हातून खोकी चुकीच्या लेबलांनी जातायत.

पार्टनर म्हणतो, "इचार ना तिला सरळ." विचारलं असतं. पण सरळ विचारलेल्याचं उत्तर खरं आहे हे कसं ओळखायचं? म्हणून मी एक ठरवलंय. आज शनिवार. मी ढोलकी घेऊन जाणार आणि पोरं रांगेत लागण्याआधी तिला सांगणार, माझं नाव काढ. ज्यांनी मला शिकवलं त्यांचं घाल. तुमचं, तुमच्या घाटावरच्या गावासकट. ती लगेच हो म्हणाली, तिच्या चेहऱ्यावर काही उजळलं, तर मी समजेन, माझा रस्ता मोकळा. तिनं हट्ट धरला की नाही, नाव तुझंच राहू दे, तर तेही समजेन, आणि मग ढोलकी वाजवून मुकाट्यानं परत येईन. पार्टनर म्हणतो, हा चाचणीचा प्रकार पोलीस करतात. म्हणू दे.

हे पत्र कुठं टाकणार नाही. तुमच्या घरी कुणी फोडलं तर ते म्हणतील, हा कोण, आणि ह्यानं आमच्या माणसावर चाल लांबवल्याचा आळ का घेतला. गादीखाली राहील. बाहेर गाडीचा हॉर्न वाजतोय, पार्टनर सोडायला येणार आहे, पोरांची सगळी वरात तिकडं पोचलीसुद्धा असेल.

एक तेवढं सांगून ठेवतो. आज हॉलमध्ये पन्नास पायांचा ठोका पडेल आणि त्यावर तुमचं नाव घेतलं जाईल. माझा बाप पुढच्या रांगेत बसणार आहे, त्याला भरून येईल. म्हणेल, पोरानं गुरूचं नाव राखलं. तुमचा आत्मा वगैरे कुठं असेल तर तोही सुखावेल. पण गुरुजी, मी हे तुमच्यासाठी करत नाही. मला ती जागा नको आहे, आणि तिथं बसवायला मला एक माणूस पाहिजे, ज्याला आता कुणाशी लग्न करायचं नाही.

दाढी केलीय. शर्टाला पार्टनरकडून इस्त्री करून घेतलीय. ढोलकी खांद्याला लावतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.