फडक्याआडचं उत्तर

आई, तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. ऐकू कमी येणं तुझ्या हातात नव्हतं, पण ते लपवलंस तू. घरात मला कळलं होतं. चुलीकडे तोंड करून मी काही बोलले की तू गप्प; वळून बोलले की लगेच उत्तर. समोरच्याच्या ओठांवरून तू शब्द ओळखायचीस.

रोह्याच्या रंगाच्या कंपनीत तू पावडर भरायच्या खात्यात होतीस, आणि नव्वदनंतर मीही तिथेच लागले. कासूहून सकाळच्या गाडीनं आपण दोघी जायचो. मग कंपनीनं सगळ्यांना जाड कापडी मास्क दिले. छातीत पावडर जायची थांबली, चांगलंच झालं. पण तेव्हापासून तू चुकायला लागलीस. कापडातून आवाज दबका यायचा, ओठ तर दिसायचेच नाहीत. आम्हीसुद्धा दोन-दोनदा विचारायचो. तू नुसती मान डोलवायचीस.

त्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, "ह्या पिंपातलं त्यात मिसळू नको." तू मान डोलवलीस आणि मिसळलंस. सगळा माल वाया गेला.

"कानात बोळे घातलेस काय गो?" तो ओरडत होता आणि तू त्याच्या तोंडावरच्या कापडाकडे टक लावून बघत होतीस. मग तो माझ्याकडे वळला. "तुझ्या आयशीला ऐकू येत नाय काय? तसं असेल तर सांग, दुसऱ्या खात्यात घालतो."

मी अजून कायम झाले नव्हते. भोवती बायका उभ्या होत्या. बहिरीची पोर म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"येतं की," मी मास्कमधून म्हणाले. "चांगलं येतं."

मग ती चूक तुझा निष्काळजीपणाच ठरली. त्याच आठवड्यात तुला काढलं.

शेवटच्या दिवशी गाडीत तू म्हणालीस, "तू काय बोललीस ते समजलं नाय गो, पण तुझं फडकं हललेलं मी बघितलं. आईसाठी बोललीस. बास झालं."

मी "व्हय" म्हणाले. तोंड उघडंच होतं माझं, त्यामुळे तेवढं तुला नीट समजलं.

पुढे मरेपर्यंत तू शेजारणींना तेच सांगत राहिलीस, आणि मी ऐकत राहिले. हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुला अक्षरओळख नव्हती, हे आठवलं तेव्हाच मी लिहायला बसले.