तुझ्या काकांचं न सापडलेलं हाड

चि. वर्षाराणी,

आशीर्वाद मागून देते, आधी ह्याचा जबाब दे. मावशीच्या छातीखाली गाठ सापडली तर भाचीनं फोनवर खिदळावं, असं तुमच्या नर्सिंगच्या पुस्तकात छापलंय काय? तब्येत बरी असंल (नांदेडच्या मेसच्या वरणावर जेवढी राहते तेवढी). इकडं धर्माबादेत तुझे काका सोडून सगळे खुशाल. फोन त्यांच्याच खिशात असतो, म्हणून कागद घेतला.

तू म्हणलीस, ‘मावशे, ती गाठ न्हाई, छातीच्या मधल्या हाडाचं टोक हाय, समद्यांना असतंय.’ समद्यांना म्हणजे कुणाकुणाला? पन्नास वर्सं ह्याच अंगात राहून राहिले, मला कुणी बोललं न्हाई. म्हणून स्वतःच तपासायला निघाले. पहिली शेजारची कमरुन्निसा. ब्लाऊज शिवते, निम्मं गाव तिच्या टेपाखालून गेलंय. ती म्हणली, ‘बाई, ही हड्डी सबको रहती, तुमाला आज मालूम पडलं?’ मग सासूबाई. त्यांचं टोक बोट लावलं की लागतंय, अन् शेवटाला दोन फाटे! (गुदगुल्या झाल्या म्हणून मला चापट बसली.) तिथंच त्यांच्या बरगड्याबी मोजल्या. उजवीकडं बारा, डावीकडं अकरा, परत मोजल्या तर उलट. खालच्या दोन तर पुढं येतच न्हाईत, अर्ध्यातच थांबल्यात. का थांबल्या? अन् श्वास घेतला की सगळं टोपलं वर उचलतंय, झोपेत ते कोण उचलतंय? लई विचार केला, डाळ करपली.

एवढ्यात तुझे काका म्हणले, माझंबी बघ. बघितलं. पोट एवढं वर आलेलं की हाड काही लागंना. कमरुन्निसा दारातून म्हणली, ‘शेषेरावभाऊंची हड्डी खाऊन खाऊन हजम झाली!’ ती हसली, ह्यांनी खरं धरलं. चार दिवस झाले, जेवण न्हाई, आडतीच्या दुकानावर जाणं न्हाई. म्हणतेत, आधाराचं हाडच न्हाई, वाकलो तर छाती दुमडंल. शुक्रवारी हैदराबादेला नवं हाड बसवायला निघालेत, गाडीबी सांगितली. त्यांना खरं काय ते तूच समजावून सांग.

तुझी मावशी,
तुळजाबाई

ता.क. वरचं लिहून ठेवलं अन् हाड सापडलं. उपाशी राहून पोट खाली गेलंय. दुपारी हे बाजेवर उताणे घोरत होते, चाचपलं तर हाय की जागेवर! खुशीत अंगठ्यानं जोरात दाबलं. कट्ट वाजलं. हे ओरडून उठले. मी म्हणलं, मुंगळा होता.

आणखी एक. तवापासून तिथं ठणकून राहिलंय, अन् हे म्हणतेत नवं हाड उगवून राहिलंय. खुश हायेत. तीन भाकरी खाल्ल्या, गाडी नको म्हणून सांगितलं. काकांना समजावायचं ऱ्हाऊ दे, मला एवढंच सांग : ते टोक दाबून मोडतं काय, अन् मोडलं तर आपलं आपण जुळतं काय? शुक्रवारी आडतीवरच्या समद्यांना त्या नव्या हाडाला हात लावू देणार हायेत, तवा बेस्तरवारच्या आत कमरुन्निसाच्या फोनवर (त्यात पैसे न्हाईत, नुसते येतेत) जबाब पायजे. अन् हसायचं न्हाई.