वेग पाच

प्रिय पियुष,

परवा फोनवर तू चिडून म्हणालास, "ताई, मी त्या खेळाला हात लावला नाही." मी हो म्हणाले, पण माझा विश्वास बसला नव्हता.

अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा त्यांच्या हातासाठी तू तो खेळ बनवून टॅबमध्ये टाकून दिलास. कापसाची बोंडं वरून पडतात, उजव्या बोटानं टिपायची, टिपलं की गुण वाढतो. दिवाळीनंतर गुण भराभर वाढायला लागले. आईनं वालूरच्या अख्ख्या गल्लीत सांगितलं. परभणीच्या डॉक्टरांनीही आकडे पाहून व्यायाम घेणाऱ्या बाईंच्या फेऱ्या कमी केल्या. पुण्याच्या नोकरीतून रजा काढून मी रोज त्यांच्यापाशी, मला मात्र खटकत होतं. इतकी बोंडं टिपणाऱ्या त्या हातात भाकरीचा तुकडा काही ठरत नव्हता.

म्हणून तू ज्या सूचनांच्या ठोकळ्यांनी खेळ जोडलायस, ते मी टॅबवर उघडले. गुण सोडून बाकीचे सगळे व्हेरिएबल, म्हणजे खेळातले बदलते आकडे, तू झाकून ठेवलेत. 'वेग'पुढच्या चौकटीत खूण केली, तसा त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात आला आणि मग मी अण्णांना खेळायला बसवलं. वेग दहापासून सुरू होतो आणि गुणांबरोबर चढतो, असं तूच म्हणाला होतास. इथं पाच! अण्णा टिपत होते, गुण चढत होता, पाच जागचा हलत नव्हता. आत पाहिलं तर सुरुवातीच्या ठोकळ्यातला दहा पुसून पाच केलेला, आणि वेग चढवणारा ठोकळा ओढून बाजूला टाकलेला. हे आपोआप होत नसतं. बोंडं अशी रेंगाळत उतरत होती की कुणीही टिपावीत.

खेळाचा पासवर्ड तुझ्याकडे आणि माझ्याकडे. मला वाटलं, सारखं गावाकडं यावं लागू नये म्हणून तू लांबून अण्णा बरे झालेले दाखवायलायस. मी वेग पुन्हा दहा केला, ठोकळा जागेवर लावला आणि तुला न सांगता पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी वेग चार होता.

मग संशय घरात शिरला. आधी आईवर गेला, पण तिला टॅब चालूसुद्धा करता येत नाही. काल दुपारी मी शेजारी जाते म्हणून बाहेर पडले आणि मागच्या दारानं परत आले. अण्णा खाटेवर टेकून बसले होते. टॅब मांडीवर. त्यावर खेळ कायम उघडाच असतो, पासवर्ड लागतच नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. डाव्या बोटानं एकेक ठोकळा ओढत होते, चुकला की पुन्हा. उजवा हात उशीवर तसाच पडलेला. मी आल्या पावली मागं फिरले.

संध्याकाळी आईला खोदून विचारलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "त्येंला वाटतंय, त्येंच्यापायी तुझी नोकरी जाईल. गुण वाढलेले दिसले तर पोरगी पुण्याला जाईल म्हणत्यात. मला शपथ घातलीय."

आज वेग दहा करून मी त्यांना नुसतंच खेळा म्हणाले. एकही बोंड टिपता आलं नाही. "आज बोट आखडलंय," म्हणाले आणि माझ्याकडं बघायचं टाळलं.

पियुष, तुझा मेसेज आला की टॅबवर आधी अण्णाच वाचतात, आणि मी फोनवर बोलायला लागले की कान देऊन ऐकतात. म्हणून हे पत्र. शनिवारी ये. डॉक्टरांना खरा आकडा सांगून बाईंच्या फेऱ्या पुन्हा सुरू करायच्या आहेत, आणि अण्णांना आपल्याला कळलंय हेही सांगायचंय. शिवाय मी पुण्याला राजीनामा कळवलाय, सेलूत काम बघतेय. जे होऊ नये म्हणून ते डाव्या हातानं एवढं झटले, ते मी आधीच करून बसलेय. हे त्यांच्यासमोर एकटीनं बोलायचा मला धीर होत नाही. तू फक्त शेजारी बस.

तुझीच,
उत्तराताई